पस्तिसावं वळण

अर्धनारी मेस्त्रींना ऐकू येत नाही, ही गोष्ट सेंदमंगलममध्ये एकाच माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे त्यांची बायको नल्लम्मा. निदान अर्धनारींची तशी पक्की समजूत होती.

लहानपणी विहिरीत सूर मारून मारून त्यांचे दोन्ही कान फुटले होते. पाऊस आला की कान वाहायचे, लसणाचं तेल पडायचं आणि दिवाळीपर्यंत पुन्हा सगळं ठाकठीक व्हायचं. साठी उलटली आणि कानांनी दिवाळी पाळायचं सोडून दिलं. नामक्कलच्या डॉक्टरांनी कानात घालायचं एक यंत्र दिलं होतं. ते त्यांनी एक दिवस घातलं आणि संध्याकाळी काढून हळदीच्या डब्यात ठेवून दिलं. "जन्मभर लोकांची यंत्रं दुरुस्त केली. आता मी यंत्र लावून बसू?" असा त्यांचा सवाल होता, आणि नल्लम्माकडे त्याला उत्तर होतं, पण ते त्यांना ऐकू गेलं नाही.

दुसरा कुठला धंदा असता तर चालून गेलं असतं. पण मोटारसायकलचं ट्युनिंग म्हणजे कानाचं काम. कार्बोरेटरमधून इंजिनाला पेट्रोल किती, हवा किती, सायलेन्सरमधून धूर मोकळा जातोय की अडतोय, हे सगळं गाडी स्वतःच सांगत असते, ऐकणारा पाहिजे. अर्धनारी हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे. कोल्ली डोंगराची सत्तर वळणं चढणाऱ्या गाड्या राशीपुरमपासून त्यांच्याकडे यायच्या. चाळीस वर्षांत परत आलेल्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या.

झाकली मूठ राहावी म्हणून नल्लम्मानं एक युक्ती काढली होती. ती दुकानाच्या दाराशी फुलं गुंफत बसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "चढाला पिकअप घेत नाही." की नल्लम्मा तिथून खेकसायची, "अहो, चढाला पिकअप घेत नाही म्हणतायत! मागच्या वेळी काय झोपेत केलंत का?" गिऱ्हाईक ओशाळून म्हणायचं, "तसं नाही, अक्का, सकाळी चालू व्हायलाही त्रास देते." लगेच दारातून आवाज, "सकाळी चालूसुद्धा होत नाही! ऐका!" आमच्या कोंगू मुलखात भांडतानाही माणसं एकमेकांना अहो-जाहो करतात, त्यामुळे हे सगळं फार अदबीनं चालायचं. तरी दोन वर्षांत नल्लम्माचं नाव कजाग म्हणून चौफेर झालं. ती थोडी होतीच म्हणा. बेळुक्कुरिच्चीच्या तिच्या माहेरचा पाण्याचा पंप एका वर्षात सात वेळा बिघडला होता, आणि तो दुरुस्त करायला तरणाबांड अर्धनारी मोटारसायकलवरून येत राहिला, त्यातून लग्न जमलं. आठव्यांदा पंप बिघडला नाही. पण भांडण तेव्हापासून रोजचं.

युक्तीनं माणसांचं बोलणं पोचलं, गाडीचं कसं पोचणार? त्या पावसाळ्यात तीन गाड्या परत आल्या. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत. गाडी लावायची, मान खाली घालायची आणि "जरा बघा परत" म्हणायचं. अर्धनारींना तेच जास्त लागायचं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात असलेला मुलगा वर्षभर बोलावत होता. आणि आयुधपूजा आठ दिवसांवर आली होती.

आमच्याकडे कारागीर निवृत्त होतो तो बोलून दाखवत नाही. आयुधपूजेला सगळी हत्यारं धुऊन, चंदन-कुंकू लावून देवीपुढे मांडायची. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी नमस्कार करून उचलायची आणि कामाला लागायचं. ज्याला थांबायचंय तो त्या सकाळी उचलत नाही, बस. लेथवाल्या रंगण्णानं पाच वर्षांपूर्वी अशीच हत्यारं जागेवर राहू दिली. दुपारपर्यंत गावाला कळलं, संध्याकाळी लोक भेटायला गेले आणि कुणी एक शब्द विचारला नाही.

अशा दिवसांत पावायी आली.

ती आली हे अर्धनारींना पायांतून कळलं, जमीन थरथरली म्हणून. रस्त्यापलीकडच्या बकऱ्या दावं तोडायच्या बेतात होत्या. मोटारसायकलच्या मागे बारा ट्रे अंडी रबराच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली, आणि पुढे पंचेचाळिशीची, साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवलेली पावायी. नवरा बोअरवेलच्या गाडीवर वर्षातले नऊ महिने परमुलखात. मोटारसायकल त्याची, पण चालवते ही. पहाटे नामक्कलच्या कोंबडीफार्मवरून अंडी उचलायची, सत्तर वळणं चढून डोंगरावरच्या वाड्यावाड्यांत विकायची, आणि येताना मिरी नाहीतर अननस घेऊन उतरायचं, हा तिचा धंदा.

"अण्णा, ही गाडी माझी अंडी खाते," ती गाडी लावता लावता म्हणाली.

नल्लम्मा दारात होती. "गाडी अंडी खाते म्हणतेय!" ती ओरडली.

"वळणावर रेस सोडली की नाक खाली घालते, दिली की उडी मारते. सोडली की खाली, दिली की वर. सत्तर वळणं आहेत, अण्णा! वर पोचेपर्यंत एका ट्रेचं आमलेट होतं. आमचा कुत्रा खाऊन खाऊन इतका माजलाय की चोर आला तर उठणार नाही."

अर्धनारींनी कार्बोरेटर उघडला, जेट काढला आणि उजेडात धरला. जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून इंजिनाला पेट्रोल जातं. हे भोक मात्र दाभणाएवढं झालं होतं.

"हा कुणी साफ केला?"

"माझ्या भावानं."

"कशानं?"

"तारेनं."

अर्धनारींनी कपाळाला हात लावला. "फुंकून साफ करायची वस्तू आहे ती, ताई. तारेनं भोकसायला ती काय तुंबलेली मोरी आहे? आणि सायलेन्सरमधली जाळीची नळी कुठाय?"

"काढली. आम्ही सगळे अंडेवाले काढतो."

"सगळे विहिरीत उडी मारतील," अर्धनारी म्हणाले आणि इंजिनावर वाकले.

"अहो, वरच्या वाड्यांना कळायला नको का आपण आलो ते?" पावायी त्यांच्या पाठीला म्हणाली. नेमकी तेवढ्यात नल्लम्मा दोरा आणायला आत गेली होती. पाठीला कान नसतात, आणि अर्धनारींच्या बाबतीत कानांनाही नव्हते. अंडेवाल्यांची ही नवी फॅशन असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

नवा जेट बसला. मग नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर, मूठ कानाला. लांब कुठेतरी भाताची गिरणी चालल्यासारखा घोगरा आवाज आला, बाकी काही नाही. अर्धनारींनी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं, सवयीनं दीड वळसा स्क्रू फिरवला आणि म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावायी परत. चाळीस अंडी फुटली होती. बाविसाव्या वळणावर गाडीनं मागून असे फटाके सोडले होते की समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला टायर फुटला वाटून तो खाली उतरला.

"जरा बघा परत," पावायी म्हणाली, आणि गाडी तिथेच सोडून बसनं घरी गेली.

दुपारच्या जेवणाला नल्लम्मानं बाजरीची आंबील वाढली, सोबत तळलेली मिरची ठेवली, आणि हातवारे करत, सगळं कळेल असं, तोंडासमोर बसून बोलली. "अहो, चौथी गाडी. लोक भले आहेत म्हणून गप्प आहेत. आता माझं ऐका. पूजेपर्यंत पावायीची गाडी नीट झाली तर ठीक. नाही झाली, परत आली, तर विजयादशमीला हत्यारं उचलायची नाहीत. तिरुप्पूर."

"बरं," अर्धनारी म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदा 'बरं' म्हणाले होते. नल्लम्माला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. तिनं न विचारताच आणखी आंबील वाढली.

अर्धनारी घाबरले होते, खरं सांगायचं तर. तिरुप्पूरला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून आपण दिवसभर काय करणार, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं: येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघणार, आणि एकीचंही काही ऐकू येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पावायीच्या गाडीपुढे उकिडवे बसले. एक हात रेसवर, एक हात सायलेन्सरच्या पाइपावर, थरथर कशी येते ते बघायला. स्क्रूड्रायव्हर ठेवायला तिसरा हात नव्हता म्हणून तो दातांत धरलेला. पाइपाकडे वाकले तसं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकलं.

टिक्. टिक्. टिक्. टिक्.

ते दचकून मागे सरले. आवाज बंद. चहूकडे पाहिलं, कुणी नाही. पुन्हा दातांनी घट्ट धरून टोक टेकवलं. टिक्, टिक्, आणि त्याच्याखाली पिस्टनची चाल, व्हॉल्व्हची कुरकुर, चेनची खसखस, सगळं गाव जागं व्हावं तसं एकेक करत डोक्यात आलं. कानांचा दरवाजा बंद होता, पण दातांच्या बाजूला खिडकी उघडी राहिली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. अर्धनारींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यानं ते तसंच वाहत राहिलं.

नल्लम्मा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "कर्म माझं! अहो, लोखंड काय चावताय? भूक लागली होती तर सांगायचं, इडल्या आहेत ना!"

"ऐकू येतंय," अर्धनारी स्क्रूड्रायव्हर न सोडता म्हणाले. ते "आईयू एतंय" असं काहीतरी निघालं, पण इतक्या वर्षांनी बायकोला तेवढं कळतं.

तिनं चहाचा पेला खाली ठेवला, पदरानं नवऱ्याचे डोळे पुसले, आणि मग म्हणाली, "जीभ सांभाळा. आधीच फार लांब आहे."

टिक् टिक् कुठून येतंय ते त्यांनी दातांनी हुडकलं. पाइप जिथे इंजिनाला मिळतो तिथलं पॅकिंग जळलं होतं. तिथून बाहेरची हवा आत घुसत होती, आणि रेस सोडली की फटाके तिचेच होते. दोन दिवसांपूर्वी कानाला हे ऐकू आलं नव्हतं, बारीक आवाज पहिल्यांदा जातात. त्यांनी तांब्याचं नवं पॅकिंग घातलं. सायलेन्सरसाठी जाळीची नळी कापली, तिच्यावर काचेचा कापूस गुंडाळला आणि आत बसवली. धूर आता धावत सुटणार नव्हता, चालत बाहेर पडणार होता. कार्बोरेटरची सुई एक खाच वर उचलली, म्हणजे रेस दिल्या दिल्या पेट्रोलचा पहिला घोट वेळेवर मिळेल.

"झालं?" संध्याकाळी गाडी न्यायला आलेल्या पावायीनं विचारलं.

"इथे झालं. वर जायचंय उद्या. पस्तिसाव्या वळणावर."

पस्तिसावं वळण हे अर्धनारींचं गुपित होतं, आणि त्याच्यावर त्यांचं नाव झालं होतं. डोंगरावर हवा विरळ. खाली सेंदमंगलममध्ये गाडी जुळवली तर वर गेल्यावर तिला पेट्रोल जास्त होतं, धूर काढते. वर सेम्मेडूला जुळवली तर खाली आल्यावर उपाशी राहते, झटके खाते. बाकीचे मेस्त्री आपल्या दुकानाच्या दारात जुळवायचे आणि डोंगराला शिव्या द्यायचे. अर्धनारी सत्तरातल्या बरोबर मधल्या वळणावर जाऊन जुळवायचे. "नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थानं असंच मध्ये बसायचं असतं," ते म्हणायचे. "कुणाच्याच घरचा चहा प्यायचा नाही."

सकाळी पावायी पुढे, अर्धनारी मागे, मांडीवर तीस अंड्यांचा एक ट्रे. पस्तिसाव्या वळणावर त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, टोक इंजिनावर ठेवलं आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रू फिरवायला सुरुवात केली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघू लागली. खोबऱ्याच्या पेंडीचा एक टेम्पो मुद्दाम हळू झाला.

"अण्णा, वर गेल्यावर पराठा खायला घालते, ते लोखंड सोडा," पावायी म्हणाली.

पाव वळसा डावीकडे. थोडं जास्त झालं. केसभर उजवीकडे. आणि मग इंजिनाचा ठोका असा एकसारखा झाला की तो वेगळा ऐकूच येईना. अर्धनारींनी तोंडातलं लोखंड काढलं आणि मागे बसले. छत्तीस, सदतीस, अडतीस. रेस सोडली की गाडी नाक खाली घालत नव्हती, दिली की उडी मारत नव्हती. झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यावं तशी ती वळणावळणाला वजन बदलत गेली. सत्तराव्या वळणावर ट्रेमधलं एकही अंडं जागचं हललं नव्हतं.

उतरताना अर्धनारी गाणं म्हणत होते. मोठ्यानं आणि बेसूर, कारण स्वतःचं ऐकायला दातांत काही नव्हतं.

आयुधपूजा तीन दिवसांनी होती. या तीन दिवसांत पावायी फिरकली नाही, आणि गाडी परत न येण्यासारखी चांगली बातमी मेस्त्रीला दुसरी नसते. पूजेच्या सकाळी अर्धनारींनी पाने, हातोड्या, पकडी रॉकेलनं धुतल्या, मोठ्या पान्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं मांडल्या, मधोमध लांब स्क्रूड्रायव्हर. नल्लम्मानं चंदनाचे ठिपके दिले, चुरमुरे, गूळ, चण्याची उसळ ठेवली, आरती केली. दारात कोहळा फोडला. अर्धनारींनी त्याच्या फोडी लगेच रस्त्याच्या कडेला सारल्या, कारण दरवर्षी त्यांच्यावरून दोन-तीन मोटारसायकली घसरतात आणि पूजेच्या दिवशी हत्यार उचलता येत नाही.

"उद्या उचलायची," ते नल्लम्माला म्हणाले. छाती जरा पुढेच होती.

"बघू," नल्लम्मा म्हणाली आणि वळली, तर दारात पावायी उभी. बाजूला तिची गाडी, गाडीवर बारा ट्रे.

"अगं बाई! कधी आलीस? मलासुद्धा ऐकू आलं नाही!"

पावायीनं तोंड उघडलं. आतून नुसती हवा फुसफुसली. घसा पार बसला होता. ती पुटपुटत राहिली, नल्लम्मा कान देऊन ऐकत राहिली, आणि मग भिंतीला टेकून जी हसायला लागली ती थांबेचना.

"काय झालं? अंडी फुटली?" अर्धनारींचा चेहरा उतरला.

"एक फुटलं नाही!" नल्लम्मा हसत हसत ओरडली. "आणि एक विकलं नाही!"

हळूहळू उलगडा झाला. डोंगरावरच्या वाड्या रस्त्यापासून आत, फणसाच्या आणि कॉफीच्या झाडीत. अंडेवालीची गाडी दोन वळणं खालून गडगडायला लागली की बायका हातातलं काम टाकून भांडं घेऊन रस्त्यावर यायच्या. म्हणून तर सगळे अंडेवाले नळी काढायचे. आता पावायीची गाडी मांजरासारखी यायची आणि मांजरासारखी जायची. ती दोन दिवस वाडीवाडीबाहेर "अंडीऽऽ" म्हणून ओरडली, तिसऱ्या दिवशी ओरडायला घसाच उरला नाही. सोळक्काडूच्या एका म्हातारीनं तर विचारलं होतं, "तू वारलीस असं ऐकलं होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," पावायी फुसफुसली आणि त्यांच्या पाठीकडे बोट दाखवलं.

अर्धनारींना कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी पान्याकडे हात नेला, आणि चंदनाच्या ठिपक्यांशी पोचायच्या आत मागे घेतला.

"नळी काढून टाका, एवढंच," पावायीनं खुणेनं सांगितलं.

"काढली की पुन्हा आमलेट. ठेवली की घरी बसून अंडी उबवायची." ते डोकं खाजवत राहिले. "मधली नळी पाहिजे. थोडी आखूड, भोकं थोडी मोठी. गाडी झटका खाणार नाही आणि आवाज दोन वळणं वर जाईल अशी. उद्या करता येईल."

"उद्या कुणी?" नल्लम्मा म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं. "गाडी परत आली. ठरलं होतं ना आपलं?"

 चुरमुऱ्यांवर मुंग्या चढत होत्या.

अर्धनारी बाकावर बसले. "झटका बसतो की नाही ते मी दातांनी सांगेन," ते हळूहळू म्हणाले, जणू स्वतःलाच समजावत होते. "पण दोन वळणं वर आवाज पोचतो का, हे इंजिनाला दात लावून कळत नाही. तिथे वर कुणीतरी उभं राहून ऐकायला पाहिजे. कानानं." त्यांनी मान वर केली. हे वाक्य ते दोन वर्षं गिळत आले होते. "पावायी, मला ऐकू येत नाही."

"ठाऊक आहे की," पावायी फुसफुसली.

"काय म्हणाली?"

"ठाऊक आहे म्हणते!" नल्लम्मा ओरडली.

"कुणाला?"

पावायीनं हातानं मोठा गोल काढला. त्यात सेंदमंगलम आलं, डोंगराचा पायथा आला, सत्तर वळणं आली आणि वरचा बाजारही आला. "सगळ्यांना, अण्णा. म्हणून तर तुमच्या दुकानात आलं की सगळे ओरडून बोलतात." नल्लम्मानं तेही मोठ्यानं पोचवलं.

अर्धनारींना वाटत होतं, अलीकडे गावाची रीतभातच बिघडली आहे, जो तो ओरडतो. त्यांनी नल्लम्माकडे पाहिलं. ती फुलांच्या करंडीकडे बघत होती.

"मग तू दोन वर्षं दारात बसून कजाग कशाला झालीस?"

"तुम्हाला वाटत होतं ना, कुणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण कंटाळा आला हो आता. बाजारात गेले की पोरीबाळी वाट सोडतात. तिरुप्पूरला गेलो तर निदान तिथे कुणी मला भ्यायचं नाही."

अर्धनारी उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "नल्लम्मा, चोरून नको आता. मी दुरुस्त करतो, तू ऐक. सगळ्यांसमोर. तू वर उभी राहशील?"

"दोन वर्षं ऐकतेच आहे," ती म्हणाली. "विचारलंत आज."

विजयादशमीला सकाळी कापूर लावून झाल्यावर अर्धनारींनी नमस्कार केला, लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पहिल्यांदा तिच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्याला दातांच्या खुणा आहेत," ती म्हणाली, आणि पिशवीत बाकीच्या हत्यारांबरोबर ठेवला.

पस्तिसाव्या वळणावर अर्धनारी आणि गाडी, सदतिसाव्यावर कठड्याला टेकून नल्लम्मा, हातात पिवळा टॉवेल. पावायी दोघांच्या मध्ये, छत्तिसाव्यावर, निरोप पोचवायला. ऐकू आलं की टॉवेल हलवायचा, असं ठरलं होतं. पहिली नळी वीतभर लांब. अर्धनारींनी दात लावले, इंजिन लोण्यासारखं, वर टॉवेल ढिम्म. दुसरी नळी चार बोटं आखूड. टॉवेल जोरात हलला, पण दातांत ठोका अडखळला. ही नळी परत अंडी फोडणार. तिसरी त्यांनी दोघींच्या मधली कापली, भोकं कानशीनं एकेक करून रुंदावली, बसवली आणि स्क्रू केसभर फिरवला. रेस दिली, सोडली, दिली. दातांत एकही ठेच नाही. त्यांनी मान वर करून पाहिलं.

टॉवेल हलत नव्हता.

 त्यांनी आणखी रेस दिली. नल्लम्मा कठड्याशी नुसती उभी होती, मान कलती करून. मग एकदम टॉवेल वर गेला आणि हलायला लागला, आणि हलतच राहिला. "कळलं, पुरे!" अर्धनारी ओरडले, तरी थांबेना. पावायी छत्तिसाव्यावरून दोन्ही हात वर करून नाचत होती. शेवटी नल्लम्मा झपाझप उतरत त्यांच्यापाशी आली. धाप लागली होती.

"एवढा वेळ का लावलास? माझा जीव गेला! ऐकू आला ना आवाज?"

"आला," ती म्हणाली, आणि पुढचं काहीतरी अगदी हळू, त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत बोलली.

"काय?"

तिनं पुन्हा सांगितलं, जेमतेम ओठ हलवून.

"अगं, मोठ्यानं बोल! आता लपवायचं काय राहिलंय?"

नामक्कलची बस नेमकी तेव्हाच पस्तिसाव्या वळणावर येऊन, गाडी आणि माणसं मध्ये बघून, थांबली होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. नल्लम्मानं एकदा बसकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षं दारात बसून कमावलेल्या आवाजात ओरडली.

"तुम्ही बेळुक्कुरिच्चीला यायचात ना, तुमची गाडी अशीच ऐकू यायची म्हटलं! दोन वळणं आधी! मी ऐकत बसायची! आमचा पंप कधी बिघडला नव्हता! सातही वेळा मीच वायसर काढून ठेवला होता!"

बसमधल्या पन्नास माणसांनी ते ऐकलं. अर्धनारींनीही ऐकलं.